पत्र्याच्या पेटीतली कॉमिक्स आणि अकरा खंड

दिवाळीच्या आवराआवरीत ५ नोव्हेंबर २०२३ ला माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. आत इंद्रजाल कॉमिक्सचे ९७ मराठी अंक होते आणि चांदोबाची दोन वर्षं, त्यातले दोन अंक कमी. ते सगळे खंडांत बांधून घ्यायचं ठरवलं, आणि शेवटचा बांधलेला खंड हातात आला १६ मार्च २०२४ ला. मधल्या चार महिन्यांत काय विचारावं, कुणाला विचारावं, किती पैसे लागतील, यातलं काहीच आधी कळत नव्हतं. जळगाव, धुळे, भुसावळकडे कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर उपयोग व्हावा, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

पेटी उघडल्यावर पहिला मोह होतो तो अंक गच्चीवर उन्हात पसरण्याचा. कुरडया-पापड वाळवायची सवय असते ना, हात तिकडेच जातो. तसं करू नका. हा कागद वृत्तपत्राचा. लाकडाच्या लगद्यातला आम्ल पदार्थ त्यात तसाच राहिलेला असतो आणि ऊन लागलं की तो आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो. अंक सावलीत, पंख्याखाली, चादरीवर दोन दिवस मोकळे ठेवले आणि मऊ, रुंद रंगाच्या ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे झटकले. ओलं फडकं अजिबात नाही.

तीसेक अंकांना कसर लागलेली दिसली. कडांना नागमोडी खाल्लेल्या जागा, पानांत बारीक भुकटी. ते अंक वेगळे करून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवले, १९ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर. घरच्या फ्रीझरला साधारण उणे १८ अंश मिळतात, त्यामुळे पूर्ण दोन आठवडे द्यावे लागतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. २४ तास तशीच राहू द्यायची, म्हणजे जे पाणी सुटतं ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला सुटतं, कागदावर नाही. डांबरगोळ्यांनी किडे दूर राहतात, पण आत बसलेली अंडी मरत नाहीत आणि वास वर्षानुवर्षं जात नाही.

याच दोन आठवड्यांत बाकीच्या अंकांची लावालाव केली, आणि खरा निर्णय इथेच होतो. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. आठशेच्या आसपास अंक निघाले. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे (म्हणजे इंग्रजीतला फँटम), मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे आले, आणि डिसेंबर १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. इतक्या मोठ्या मालिकेतले ९७ अंक म्हणजे मध्ये ठिकठिकाणी खड्डे. क्रमांकाप्रमाणे बांधले आणि उद्या मधला एखादा अंक सापडला तर शिवलेल्या खंडात तो घुसवता येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे सलग अंक आहेत त्यांनीच क्रमांकाने बांधावेत, बाकीच्यांनी नायकाप्रमाणे, असं माझं स्पष्ट मत झालं. एकच सांभाळायचं: दोन अंकांत चालणारी गोष्ट दोन खंडांत तुटू द्यायची नाही. त्यासाठी प्रत्येक अंकाचं शेवटचं पान वाचून बघावं लागतं. नंतरच्या अंकांवर सलग क्रमांकाऐवजी वर्ष आणि अंक अशी पद्धत आली, तेव्हा यादी करताना तारीखही लिहून ठेवा, नाहीतर क्रम चुकतो.

सात अंक मी बांधायचेच नाहीत असं ठरवलं. ते बरेच जुने होते आणि मुखपृष्ठ अगदी कोरं. बांधल्यावर अंकाची संग्राहकांमधली किंमत जाते, आणि बांधणी उलटी फिरवता येत नाही. असे अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, आडवे ठेवायचे. सहा अंक पार गेलेले होते, ते चाचणीसाठी राखले. फ्लॅश गॉर्डनचे तीनच निघाले, त्यांचा खंड होत नाही. उरले ८१: वेताळाचे ५१, मँड्रेकचे २१, बहादूरचे ९.

चांदोबाचं सोपं. तेलुगू आणि तमिळमध्ये जुलै १९४७ ला निघालेलं हे मासिक मराठीत १९५२ पासून येत होतं, आणि मासिक म्हटल्यावर वर्षाचे १२ अंक हा खंड आपोआप ठरतो. पण अंक जाड. बारा एकत्र शिवले तर पुस्तक मांडीवर पेलत नाही आणि कण्यावर ताण येतो. सहा-सहा महिन्यांचे दोन खंड करा. कमी असलेले दोन अंक पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मिळाले, टपालखर्चासह ₹१,१५०. पैसे पाठवण्याआधी मधल्या पानांचे फोटो मागवले होते. विक्रम-वेताळाच्या गोष्टीचं चित्राचं पान कुणीतरी कापून घेतलेलं असतं, हे फार वेळा होतं. शंकर यांची ती चित्रं मुलं वहीत चिकटवायची.

आता पिना. बांधणीआधी प्रत्येक अंकाच्या दोन्ही पिना काढाव्या लागतात. पन्नास वर्षांत त्या गंजून कागदाला चिकटलेल्या असतात. अंक मधोमध उघडायचा, पिनेचे आत वळलेले दोन पाय बोथट, पातळ सुरीच्या टोकाने सरळ उभे करायचे, मग अंक उलटा करून बाहेरून पिनेखाली सुरी सरकवून ती अलगद उचलायची. पिना काढायच्या चिमट्याने ओढलीत तर घडीच फाटते. एका अंकाला मला पाच ते सात मिनिटं लागली. गंजाची भुकटी कोरड्या ब्रशने काढली, डाग तसेच राहू दिले. जिथे गंजाने कागद खाऊन भोक मोठं झालं होतं, किंवा मधली जोडपानं घडीवर सुटी झाली होती, तिथे जपानी टिश्यूची एक सेंटीमीटर रुंद पट्टी खळीने लावली. हा टिश्यू कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो. लावल्यावर खालची अक्षरं स्वच्छ वाचता येतात आणि घडीला धागा पेलण्याइतका जोर येतो. सेलोटेप मात्र कधीच नाही. आधीच्या कुणी लावलेला सेलोटेप पाच-सहा वर्षांत तपकिरी होतो आणि मागे तेलकट पट्टा ठेवतो, जो पुढे निघत नाही.

खळ घरीच केली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत दहा-पंधरा मिनिटं, रंग दुधाळ जाऊन चकाकी येईपर्यंत. मग गाळून घ्यायची. जुने बाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, किडे आणि बुरशी येऊ नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, आणि या ठिसूळ कागदाला त्याचा फायदा नाही. मी न घालता केली आणि दर दोन दिवसांनी ताजी केली.

५ डिसेंबरला खराब सहा अंक घेऊन एका बाइंडरकडे गेलो. शाळा-कचेऱ्यांची कामं करणारं दुकान. ₹१५० सांगितले, दोन दिवसांत दिलं. बाहेरून देखणं. उघडलं आणि पोटात खड्डा पडला. अंक एकावर एक रचून, कण्यापासून सेंटीमीटरभर आत आरपार टोचून शिवले होते. पुस्तक पुरतं उघडतच नव्हतं, आणि डाव्या पानावरच्या उजव्या चौकटीतली वाक्यं शिवणीत गेलेली. शिवाय तिन्ही कडा मशिनवर कापून सरळ केल्या होत्या, त्यात वरच्या ओळीतल्या संवादाच्या फुग्यांचे माथे उडाले. दोष त्या कारागिराचा नव्हे. कचेरीची कागदपत्रं अशीच बांधतात आणि तिथे ती पद्धत बरोबर आहे. मी काय हवं ते सांगितलंच नव्हतं. खराब अंकांवर चाचणी घेतली म्हणून नुकसान ₹१५० वर भागलं.

आपल्याला हवी असते ती जुजबंदी. कॉमिकचा प्रत्येक अंक म्हणजे मुळातच एक घडी घातलेला फर्मा आहे: मुखपृष्ठाचा कागद आणि त्यात, माझ्याकडच्या बहुतेक अंकांत, आठ जोडपानं. सुई या घडीच्या मधोमध आत-बाहेर जाते आणि एक अंक पुढच्या अंकाला कण्यावर बांधला जातो. पानाचा एक मिलिमीटरही शिवणीत जात नाही, दोन पानांवर पसरलेलं चित्र सपाट उघडतं. हे काम मशिनवर होत नाही, हाताने करावं लागतं, म्हणून करणारे थोडे. त्यांना शोधायची युक्ती सोपी आहे: विद्यापीठाचे प्रबंध आणि व्यापाऱ्यांच्या खतावण्या कोण बांधतं ते विचारा. जाड खतावणी वर्षभर रोज उघडी पडून राहावी लागते, ती जुजबंदीशिवाय टिकत नाही. जळगावच्या सराफा आणि धान्य बाजारात विचारत गेल्यावर जुन्या भागातल्या एका बोळात नाना सापडले. सत्तरीचे, समोर लाकडी शिकंजा, भिंतीला लाल कापडाच्या चोपड्यांची चळत.

नानांनी वेताळाचा एक अंक घेतला, घडीवरून अंगठा फिरवला, कोपरा किंचित दुमडून बघितला. म्हणाले, "कागद जुना शे भाऊ, हात हलका ठेवनं पडी." तिथेच मला हायसं वाटलं.

१६ डिसेंबरला काम दिलं. तोंडी न ठरवता चिठ्ठी केली आणि दोघांनी एकेक प्रत ठेवली. कोणत्या खंडात कोणते अंक आणि कोणत्या क्रमाने, मुखपृष्ठं आतच राहणार, जाहिरातींची पानं काढायची नाहीत, शिलाई घडीतून, कडा कापायच्या नाहीत, कापड कोणतं, कण्यावर काय छापायचं. इंद्रजालचा खंड ₹४५०, चांदोबाचा ₹५००, आगाऊ ₹२,०००. नानांनी सहा आठवडे सांगितले. मध्ये प्रबंधांची आणि मार्चअखेरीच्या वह्यांची कामं आली आणि तेरा झाले. बाइंडरकडे मे-जूनमध्ये शाळेच्या वह्या असतात, दिवाळीआधी चोपड्या. कार्तिकानंतर लगेच काम टाकलं तर लवकर मिळतं, आणि आपल्याकडच्या हवेलाही तेच बरं. एप्रिल-मेच्या ४४-४५ अंशांत खळ ब्रशवरच सुकते आणि पुठ्ठा वाकतो.

अंक द्यायच्या आधी सगळी मुखपृष्ठं स्कॅन केली आणि प्रत्येक खंडाचा गठ्ठा सुती नाडीने वेगळा बांधून वर यादी खोचली. रबरबँड लावू नका, उन्हाळ्यात तो विरघळून कागदाला चिकटतो.

नानांच्या दुकानात दोन-तीनदा बसून काम बघायला मिळालं. कडा न कापायच्या म्हटल्यावर एक अडचण येते. निरनिराळ्या वर्षांतल्या अंकांची उंची दोन-चार मिलिमीटरने वेगळी असते. नानांनी सगळे अंक वरच्या कडेला जुळवले, खालची कड वर-खाली राहू दिली. धूळ वरून बसते, त्यामुळे वरची कड सरळ असलेली बरी. प्रत्येक घडीत आरीने भोकं पाडली, पिनांची जुनी भोकं शाबूत असतील तिथे तीच वापरली. तीन कापडी पट्ट्यांवर शिलाई आणि दोन्ही टोकांना गाठीचा टाका. दोरा सुती, मेण लावलेला, बारीक. हा दोरा जाड असला तर घोटाळा होतो: तेरा घड्यांत तेरा वेळा दोरा म्हणजे कण्याची बाजू पाच-सहा मिलिमीटर फुगते, पुस्तक पाचरीसारखं दिसतं आणि वरचा पुठ्ठा बसत नाही. बारीक दोऱ्यानेही थोडी फुगवटी येतेच, ती हलक्या हातोडीने कणा गोल करताना जिरते. एका खंडात बारा-तेराच्या वर अंक न घालण्याचं कारण हेच. वेताळाचे ५१ अंक १३, १३, १३ आणि १२ असे बसले, मँड्रेकचे ११ आणि १०, बहादूरचे ९ एकात.

कण्यावर पहिला हात खळीचा, तो सुकल्यावर मलमलीची पट्टी, आणि तिच्यावर फेव्हिकॉल. हा क्रम मी आग्रहाने मागितला होता आणि नानांनी लगेच मानला. फेव्हिकॉल थेट घडीला लागला तर पुढे कधी बांधणी सोडवायची झाल्यास कागद फाडूनच निघतो. खाली खळीचा थर असेल तर ओलाव्याने सुटतो.

कापडाबद्दल. प्रबंधांना लावतात ते काळं रेक्झिन स्वस्त आणि चमकदार, पण आमच्या उन्हाळ्यात काही वर्षांत कडांना तडकतं, किंवा चिकट होऊन शेजारच्या पुस्तकाला धरतं. बाइंडिंगचं कापड घेतलं. वेताळाला त्याच्या अंगरख्याचा जांभळा, मँड्रेकला काळा, बहादूरला भगवट, चांदोबाला निळा.

अक्षरांपाशी सगळ्यात जास्त वेळ गेला. नानांकडे सोनेरी छपाईची पितळी अक्षरं होती, पण इंग्रजी. देवनागरीत अंक तेवढे पूर्ण. 'वेताळ'मधला 'ळ' नाही, 'मँड्रेक'ची मात्रा-चंद्रबिंदू नाही. म्हणून चार नावांचे चार ब्लॉक नाशिकहून करून मागवले, प्रत्येकी ₹३५०, एसटीच्या पार्सलने. पहिल्या खेपेला 'मँड्रेक'चं 'मेंड्रेक' होऊन आलं. फाइल त्यांच्या संगणकावर उघडताना फॉन्ट बदलला होता. ब्लॉक परत करून नवा यायला नऊ दिवस गेले. मजकूर पाठवताना अक्षरांचं बाह्यरेषांत रूपांतर करून पीडीएफ पाठवा, आणि ब्लॉक खोदण्याआधी नमुन्याचा फोटो मागवा. ब्लॉकवर अक्षरं उलटी असतात, तेव्हा तपासताना आरशात धरून वाचा. 'वेताळ'चा ब्लॉक नीट जपून ठेवलाय, पुढे आणखी अंक मिळाले तर फक्त क्रमांक बदलायचा. छपाईचे खंडामागे ₹४०.

हिशेब असा झाला: इंद्रजालचे सात खंड ₹३,१५०, चांदोबाचे चार ₹२,०००, ब्लॉक ₹१,४००, छपाई ₹४४०, टिश्यू आणि पाकिटं ₹९००, चांदोबाचे दोन अंक ₹१,१५०, चाचणी ₹१५०. एकूण ₹९,१९०. पिना काढण्याचं आणि टिश्यू लावण्याचं काम घरी केलं नसतं तर नानांनी खंडामागे ₹१५० जास्त सांगितले होते. ते वाजवीच होते.

खंड घ्यायला गेलात की दुकानातच तपासा. पुस्तक टेबलावर मधोमध उघडून हात काढून घ्यायचा. उघडं राहिलं पाहिजे. कुठल्याही दोन पानांमध्ये दोरा दिसतो तो फक्त अंकाच्या मधल्या पानावर दिसावा, इतरत्र नाही. पुठ्ठा तिन्ही बाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर बाहेर असावा. सगळी पानं यादीशी ताडून बघा. माझ्या मँड्रेकच्या दुसऱ्या खंडात एक अंक उलटा शिवला गेला होता. नानांनी स्वतःहून दाखवला आणि चार दिवसांत सोडवून पुन्हा शिवून दिला. खाली खळ होती म्हणून कागदाला काही न होता सुटला.

वाचताना नव्या खंडावर जोर द्यायचा नाही. पुस्तक कण्यावर उभं धरायचं, दोन्ही पुठ्ठे खाली टेकवायचे, मग पुढून दहा पानं, मागून दहा पानं अशी आळीपाळीने उघडत मध्यापर्यंत यायचं. बोटाने हलकं दाबत गेलं की कणा सगळीकडे सारखा मोकळा होतो.

ठेवायची जागा. खानदेशात उन्हाळ्यात घरोघर कूलर असतो आणि कागदाला तो उन्हाइतकाच वाईट. दिवसभर ओली हवा, रात्री बंद केला की कोरडी झळ, रोज कागद फुगतो आणि आकसतो. कूलर असलेल्या खोलीत कपाट ठेवू नका. बाहेरच्या भिंतीला टेकवूही नका, चार बोटं अंतर सोडा. खंड उभे ठेवणार असाल तर बाजूने नीट आधार द्या. कललेल्या पुस्तकाचा कणा महिन्याभरात तिरका होतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वेताळाच्या तिसऱ्या खंडाचा वरचा पुठ्ठा बाहेर वळला, मधोमध पेन्सिल जाईल इतका. नानांना फोन केला. त्या एका खंडाला पुठ्ठ्याचा तुकडा आडव्या रेघेचा कापला गेला होता. पुठ्ठ्यातल्या तंतूंची दिशा कण्याला समांतर असावी लागते. तुकडा उभा आणि आडवा किंचित वाकवून बघायचा. जिथे सहज वाकतो तिथल्या वळणाची रेघ हीच तंतूंची दिशा. नाना म्हणाले, आत्ता काही करू नका, पाऊस पडू द्या. जूनमध्ये दोन सरी झाल्यावर पुठ्ठा आपसूक नरम पडला, तेव्हा दोन्ही बाजूंना कोरा कागद घालून वर पाच किलोची पिठाची पिशवी दहा दिवस ठेवली. आता पेन्सिल जात नाही, पोस्टकार्ड जातं.